पाऊण गुंठ्याची बाग : एका छोट्या प्रयोगाची हकीकत

दुधी भोपळ्याच्या वेलाला फुले येतात, पण फळ का धरत नाही, हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थिनीने महाविद्यालयाच्या वार्षिकात मांडावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नाही. मराठी हा माझा विशेष विषय. तथापि या एका प्रश्नापायी गेली तीन वर्षे मी जे पाहिले, वाचले आणि ज्या चुका केल्या, त्यांची हकीकत माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींना व गुरुजनांना उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

जागा आणि मंडळी

कृष्णाकाठच्या आमच्या आळीत दोन जुन्या वाड्यांच्या मध्ये एक वाडा पडून मोकळी झालेली जागा आहे. मालक मुंबईस असतात. मोजून पाहिली तर ही जागा जेमतेम पाऊण गुंठा, म्हणजे सुमारे आठशे चौरस फूट भरते. तेथे वर्षानुवर्षे केरकचरा पडत असे आणि पावसाळ्यात डास होत. २०२२ च्या जूनमध्ये आळीतील आठ घरांनी मिळून मालकांची तोंडी परवानगी घेतली, कचरा काढला, नदीकाठची गाळाची माती आणून टाकली आणि तेथे भाजीपाला लावायचे ठरविले. मी त्या वेळी प्रथम वर्षात होते. वही-पेन्सिल घेऊन हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्याच वहीतून पुढे हा अभ्यास निघाला.

मंडळींत मुख्य दोघे. एक आमच्या शेजारच्या आक्का. शेतकरी घरातल्या, बागेचा सारा अनुभव त्यांचा. दुसरे तात्या, एकटे राहणारे वृद्ध गृहस्थ. त्यांच्या वाड्याच्या मागील भिंतीत एक कोनाडा असून त्याच्या आतल्या पोकळीत सातेरी मधमाश्यांचे मोहोळ कित्येक वर्षे नांदत होते. तात्यांनी त्यातून मध कधी काढला नाही. "ऱ्हात्यात बिचाऱ्या, भाडं मागायला जावं व्हय?" असे ते म्हणत.

पहिल्या वर्षी भेंडी बरी आली, पालेभाजी बरी आली. दुधी मात्र नुसता फुलत राहिला. बोटाएवढी फळे धरत, पिवळी पडत आणि गळून जात. आक्का म्हणाल्या, "पोरी, ह्यो भोपळा नुसती फुलं दावतोय बघ, पोटी काय न्हाई." कोणी दृष्ट लागली म्हणून मांडवाला काळी बाहुली बांधली, तर कोणी युरिया घातला. युरियाने पाने हाताएवढी रुंद झाली, पण फळ धरले नाही.

परागीभवनाचा धडा

या ठिकाणी थोडा शास्त्रीय भाग सांगितला पाहिजे. फुलातील पुंकेसरावरचे पराग स्त्रीकेसराच्या टोकावर पोचणे, यास परागीभवन म्हणतात. ते झाल्याविना सहसा फळ वा बी धरत नाही. ज्वारी, बाजरी, गहू, भात या आपल्या तृणधान्यांना त्यासाठी कीटकांची गरज पडत नाही. त्यांचे काम वाऱ्याने किंवा फुलातल्या फुलातच होते. पण फळे, भाज्या, तेलबिया व मसाले यांचे तसे नाही. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या सहकार्याने परागीभवनाचा जो आंतरराष्ट्रीय आढावा प्रसिद्ध झाला, त्यानुसार जगातील प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश प्रकार कमी-अधिक प्रमाणात कीटक, पक्षी, वटवाघळे आदी प्राण्यांवर अवलंबून आहेत. म्हणजे भाकरी वाऱ्याच्या भरवशावर मिळेल, पण तिच्याबरोबरच्या कालवणासाठी बहुधा माशीची वाट पाहावी लागेल.

फुलाचा रंग, गंध आणि मध हे सारे कीटकाला बोलावण्यासाठी आहे, हे आज आपणांस साधे वाटते. पण जर्मनीतील क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल या शाळामास्तराने १७९३ मध्ये हे ग्रंथरूपाने मांडले, तेव्हा समकालीन विद्वानांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. पुढे डार्विनने त्याचे महत्त्व ओळखले.

आता भोपळ्याकडे वळू. दुधी, दोडका, कारले, काकडी, तांबडा भोपळा या कुळात नरफुले व मादीफुले एकाच वेलावर पण निरनिराळी येतात. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ आधीपासूनच असते; नरफुलामागे नुसता देठ असतो. यांचे पराग जड व चिकट असल्याने वाऱ्याने जात नाहीत. कोणी तरी ते नेऊन पोचवावे लागतात. न पोचल्यास ते इवलेसे फळ पिवळे पडून गळते. आमच्या बागेत नेमके हेच होत होते. दृष्ट लागली नव्हती आणि खतही कमी पडले नव्हते. मध्यस्थच येत नव्हते.

माझ्या हातून घडलेली चूक

मध्यस्थ का येत नव्हते, याचे एक कारण मी स्वतः होते. हे लिहिताना संकोच होतो. पण अभ्यासलेखात न शोभणारी गोष्ट म्हणून ती वगळली, तर लेखातील सर्वांत उपयोगाचा भाग वगळल्यासारखे होईल.

त्या वर्षी श्रावणात चवळीवर मावा पडला. मी दुकानातून कीटकनाशकाची बाटली आणली आणि सकाळी नऊच्या सुमारास, ऊन पडलेले, फुले उमललेली आणि माश्या कामावर निघालेल्या असताना, चवळीबरोबर सगळ्या बागेवर फवारा मारला. सारेच स्वच्छ व्हावे, ही त्यामागची हौस. दुसऱ्या दिवशी सब्जाच्या झुडपांखाली मधमाश्या मरून पडलेल्या आढळल्या. लाल पाठीवर काळे ठिपके असणारे ढालकिडेही त्यांत होते. आठवड्याभरात तात्यांच्या कोनाड्यातील मोहोळ ओस पडले. सातेरी माश्या त्रास झाला की घर सोडून जातात. त्या माझ्या औषधाने मेल्या, की उठून गेल्या, की अन्य काही झाले, हे मला कधीच कळणार नाही. तात्या मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यांनी फक्त कोनाडा झाडून ठेवला.

मावा तरी गेला का? तर तीन आठवड्यांत तो पहिल्यापेक्षा दाट होऊन आला. याचे कारण मला नंतर कनिष्ठ महाविद्यालयातील जीवशास्त्राच्या बाईंनी समजावून दिले. माव्याच्या माद्या नराविना थेट पिलांना जन्म देतात, त्यामुळे त्यांची संख्या भराभर वाढते. ढालकिडे व त्यांच्या अळ्या, तसेच सिरफिड माशीच्या अळ्या माव्यावर जगतात. पण त्यांची वाढ सावकाश होते. सरसकट फवारणीने दोन्ही मेले की मावा आधी परततो, आणि त्याला खाणारे मागाहून येतात. मधल्या काळात त्याला रान मोकळे मिळते.

त्यानंतर आम्ही नियम केला की बागेत रासायनिक औषध मारावयाचे नाही. मावा दिसला की पाण्याचा जोराचा फवारा मारायचा, फार झाल्यास तेवढा शेंडा खुडून टाकायचा, आणि निंबोळी अर्क मारणे भागच पडले तर फुलोऱ्यावर न मारता संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर मारायचा. निंबोळी अर्क झाडपाल्याचा म्हणून निरुपद्रवी, असेही समजू नये. औषध ते औषधच.

रात्रपाळीचे कामगार

फवारणी थांबली, माश्या हळूहळू दिसू लागल्या. कारली व काकडी धरू लागली. दुधी मात्र अजूनही हट्टाला पेटलेलाच. तेव्हा लक्षात आले की दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. दिवसा काम करणाऱ्या माश्यांचा त्याला उपयोग थोडा. त्याचे मुख्य पाहुणे म्हणजे लांब सोंडेचे निशाचर पतंग. पांढरी फुले अंधारात उठून दिसतात, ती त्यांच्यासाठी.

आमच्या मांडवावर मात्र रस्त्याच्या दिव्याचा लख्ख प्रकाश पडत असे. पतंग दिव्याभोवती घिरट्या घालत, वेल मोकळा राही. हे माझे अनुमान होते. पुढे वाचनात आले की स्वित्झर्लंडमध्ये कुरणांवर मुद्दाम दिवे लावून याची परीक्षा घेण्यात आली होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उजेड असलेल्या जागी फुलांना रात्री येणाऱ्या कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी कमी आढळल्या, आणि तपासलेल्या वनस्पतीची फलधारणाही सुमारे १३ टक्क्यांनी घटली. दिवसाच्या कीटकांना ही तूट भरून काढता आली नव्हती.

रस्त्याचा दिवा काढा, असे आम्ही म्हणू शकत नव्हतो. आळीतून रात्री स्त्रियांना जावे-यावे लागते. आम्ही दोन गोष्टी केल्या. दिव्यास बागेच्या बाजूने पत्र्याचा आडोसा करण्याविषयी अर्ज दिला. आडोसा बसावयास सात महिने लागले, पण बसला. तोवर हातानेच परागीभवन केले. संध्याकाळी ताजे नरफूल खुडायचे, पाकळ्या मागे सारायच्या आणि त्यातील पिवळी भुकटी मादीफुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवायची. आळीतील लहान मुलींनी हे काम आवडीने केले. दुसऱ्या वर्षी आक्कांच्या हातात पहिला दुधी आला, तेव्हा त्यांनी त्याची भाजी न करता तो देवापुढे ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आठ घरांत फोडी वाटल्या.

ज्ञानेश्वरीतील भ्रमर आणि आमची वांगी

आता माझ्या विषयाशी जुळणारी एक गोष्ट. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मोहाचे वर्णन करताना भ्रमराचा दृष्टान्त येतो. कोरडे लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. वर्गात हा दृष्टान्त शिकताना मी तो केवळ काव्य म्हणून वाचला होता. नाजूक फुलावर बसणारा भुंगा लाकूड कसे पोखरील, असे मनात येऊन गेले होते.

दुसऱ्या वर्षी आमच्या मांडवाच्या वाळलेल्या बांबूखाली भुसा पडू लागला. वर पाहिले तर बोट जाईल एवढे वाटोळे भोक, आणि त्यात शिरणारा काळाभोर, निळसर पंखांचा, मोठा आवाज करणारा भुंगा! हाच तो लाकूड पोखरणारा. जीवशास्त्राच्या बाईंनी सांगितले की पोखरण्याचे काम मादी करते. ती आत कप्पे करते, प्रत्येक कप्प्यात पराग व मध यांचा गोळा ठेवून त्यावर अंडे घालते आणि भुशानेच कप्पा बंद करते. नराला नांगी नसतेच. मादीला असते, पण हातात धरल्यावाचून ती सहसा डसत नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या दृष्टान्तामागे डोळसपणे पाहिलेला खराखुरा कीटक आहे, हे त्या दिवशी मला बांबूखाली उभे राहून समजले.

या भुंग्याचे बागेत मोठे काम आहे. वांगी व टोमॅटो यांच्या फुलातील पराग उघड्यावर नसतात. ते पुंकेसराच्या नळीसारख्या पिशवीत असून टोकाला बारीक छिद्रे असतात. भुंगा फुलाला घट्ट धरतो आणि पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवतो. त्या कंपाने, मिठाची बाटली हलवावी तसे, पराग छिद्रांतून बाहेर पडतात. कान देऊन ऐकल्यास त्या वेळी भुंग्याचा सूर बदललेला जाणवतो. सातेरी किंवा आग्या माश्यांना ही विद्या अवगत नाही. निळ्या पट्ट्यांची एक छोटी एकटी राहणारी माशी मात्र हेच काम करते. वांग्याला भुंग्यावाचून फळ धरतच नाही असे नाही, वाऱ्याच्या हेलकाव्यानेही थोडे काम होते. पण भुंगा आल्यास धारणा चांगली होते. आता मांडवाचा जुना बांबू मोडला तरी आम्ही तो जाळत नाही. कोपऱ्यात कोरड्या जागी टांगून ठेवतो.

मधमाशी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोळे येते. वस्तुतः जगात माश्यांच्या २०,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांतील बहुसंख्य एकट्याने राहतात. त्यांना पोळे नाही, राणी नाही, साठवलेला मध नाही. कित्येक जाती उघड्या, कोरड्या जमिनीत बीळ करतात. काही जणी पोकळ काड्यांत घर करतात. गुलाबाच्या पानांचे कातरीने कापल्यासारखे गोल तुकडे नाहीसे होतात, तो रोग नसून पाने कापणाऱ्या माशीने पिलांच्या कप्प्यांसाठी नेलेले अस्तर असते.

कढीपत्त्याचा तंटा

बागेतील सर्वांत मोठा तंटा कढीपत्त्यावरून झाला. एका काकूंनी लावलेल्या झाडाची पाने अळ्यांनी फस्त केली. लहानपणी या अळ्या पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, त्यामुळे पक्षी त्यांना तोंड लावत नाहीत. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात, आणि डिवचल्यास डोक्यामागून तांबूस रंगाचे दोन शिंगांसारखे अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतात. काकू त्या चिरडायला निघाल्या, तर मुलांनी हात धरला. ही अळी म्हणजेच पुढे होणारे काळे, पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीचे फुलपाखरू, हे मुलांनी शाळेत ऐकले होते. काकूंचा प्रश्नही रास्त होता. त्या म्हणाल्या, "फोडणीला मग मी काय घालू? फुलपाखरू?"

तोड निघाली ती साधी. कढीपत्त्याची दोन झाडे ठेवली. एक फोडणीसाठी, एक अळ्यांसाठी. काकूंच्या झाडावरची अळी सापडली की मुले ती उचलून दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवतात.

यातून शिकण्यासारखे हे की फुलपाखरांच्या बागेला नुसती फुले पुरत नाहीत. प्रौढ फुलपाखरू अनेक फुलांवरचा मध पिते, पण त्याची अळी ठरावीक झाडांचीच पाने खाते. लिंबू, कढीपत्ता या कुळावर काळी मोठी फुलपाखरे वाढतात. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले निलवंतही याच लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते. राज्य फुलपाखरू ठरविणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. रुईवर नारिंगी रंगाचे बिबळ्या कडवा हे फुलपाखरू वाढते. रुईच्या चिकातील विष अळीच्या अंगात साठते, त्यामुळे पक्षी त्याला टाळतात. दुसऱ्या एका फुलपाखराची मादी हुबेहूब त्याचाच वेष घेऊन फिरते. तिच्या अंगी विष नाही. तिच्या अळ्या आपण भाजी करतो त्या घोळीवर वाढतात. टाकळा व बहावा यांवर पिवळी फुलपाखरे वाढतात. ज्यांना आपण तण म्हणून उपटतो, त्या टाकळा, घोळ व रुई यांनाच आम्ही कुंपणाकडेला दोन हात जागा राखून ठेवली आहे. घाणेरीवरही फुलपाखरे येतात खरी. पण ती परदेशातून आलेली व रानभर पसरून स्थानिक झाडांना हटविणारी असल्याने आम्ही लावली नाही.

पाण्याच्या टाकीवरचे मोहोळ

२०२४ च्या मार्चमध्ये आळीच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीला आग्या माश्यांचे मोठे मोहोळ लागले. एका मुलाने दगड मारला, आणि त्याच्यासह तिघांना माश्या डसल्या. मुलाला दवाखान्यात न्यावे लागले. रात्री टेंभा लावून मोहोळ जाळावे असे ठरले, आणि हे बागेमुळेच झाले, असा ठपका आमच्यावर आला. मुलाच्या आईचे रडणे मी ऐकले होते. त्यामुळे माश्यांची बाजू घेऊन बोलावयास माझी जीभ रेटली नाही.

बोलले ते तात्या. त्यांनी माश्यांच्या उपयोगाविषयी अवाक्षर काढले नाही. म्हणाले, "जाळशिला तर रातीला पिसाळलेल्या माश्या आळीभर हुतील, आनि फुडल्या साली पुन्यांदा दुसऱ्या येत्यालच. त्यापरीस दोन म्हैनं दम धरा. पोरांस्नी तिकडं जाऊ द्यायचं न्हाई, ही माझी जिम्मेदारी." आग्या माश्या ऋतुमानाप्रमाणे जागा बदलतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. टाकीचा जिना दोर बांधून बंद केला. तात्या रोज संध्याकाळी, मुलांच्या खेळण्याच्या वेळी, तेथे खुर्ची टाकून बसत. पावसाळ्याच्या तोंडाशी मोहोळ आपण होऊन उठून गेले. हा उपाय सर्वत्र लागू पडेल असे नाही. शाळेच्या दारात मोहोळ असल्यास जाणकारांकडून ते हलविणेच योग्य, आणि पुष्कळ माश्या डसल्यास घरगुती उपचारांत वेळ न घालविता दवाखाना गाठावा.

आपल्याकडे व अन्यत्र

अशा छोट्या बागांचा विचार आपणांस परका नाही. परसात मोरीच्या पाण्यावर अळू, कर्दळ व केळ, कडेला तुळस, लिंबू, शेवगा, ही आपल्या आजीची रचना पाहिली तर तीत बारमाही फुलोरा असे. गावाने मिळून राखलेल्या देवराया हे तर सामूहिक रक्षणाचे जुने उदाहरण. सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला, तो आजही आधारभूत मानला जातो.

शहरांतील उदाहरण द्यावयाचे तर न्यूयॉर्कचे देता येईल. १९७३ मध्ये लिझ ख्रिस्टी या महिलेने व तिच्या सोबत्यांनी मॅनहॅटनमधील कचऱ्याने भरलेली एक जागा साफ करून तेथे बाग केली. १९७४ मध्ये ती त्यांना महिना एक डॉलर भाड्याने मिळाली. पुढे त्या शहरात अशा शेकडो बागा झाल्या. तेथील ब्राँक्स व पूर्व हार्लेम या दाट वस्तीच्या भागांतील सामूहिक बागांत माश्यांच्या ५४ जाती आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. पण १९९९ मध्ये शहराने त्यांतील शंभराहून अधिक बागांचा लिलाव करण्याचे ठरविले, तेव्हा देणगीतून पैसा उभा करून त्या विकत घ्याव्या लागल्या. तोंडी परवानगीवर उभ्या असलेल्या आमच्या बागेलाही हे लागू आहे. मालकांनी उद्या बांधकाम काढले, तर आम्हांस बाग उचलावी लागेल. म्हणून आम्ही बियाणे दर वर्षी आठही घरांत वाटून ठेवतो.

ज्यांना करून पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी

जागा गच्चीवरील चार कुंड्यांची असली तरी चालते. वर्षभर काही ना काही फुललेले राहील, असे पाहावे. पावसाळ्यात तीळ व कारळे, हिवाळ्यात कोथिंबीर, शेपू व मोहरी, उन्हाळ्यात शेवगा, आणि बारमाही तुळस व सब्जा. कोथिंबीर व शेपू सगळी खुडून न घेता एक वाफा फुलू द्यावा. त्यांच्या बारीक फुलांवर सिरफिड माश्या व इतर उपयोगी कीटक येतात. झेंडू व इतर फुलझाडांत फार पाकळ्यांच्या गेंददार जातींपेक्षा साध्या एकेरी फुलांच्या निवडाव्यात. गेंददार फुलात कीटकाला मधापर्यंत पोचणे अवघड जाते. उथळ थाळीत खडे घालून पाणी ठेवावे, म्हणजे माश्या न बुडता पाणी पितील. डास होऊ नयेत म्हणून ते रोज बदलावे. बेडूक व सरडे दिसल्यास हाकलू नयेत. कीटक वाढले की शिंपी, शिंजीर व बुलबुल आपण होऊन येतात. वेडा राघूही येईल, आणि तुमच्या माश्याच टिपील; त्याचाही तेथे हक्क आहे, असे समजावे.

पाऊण गुंठ्याच्या बागेने रान वाचत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. शेतावरील फवारणी व तुटणारी झाडी यांपुढे आमचा प्रयोग अगदी लहान आहे. पण कोठे तरी हे कीटक टिकून राहिले, तरच पुढे त्यांना पसरावयास जागा मिळेल.

एक विनंती

शेवटी या लेखामागील एक हेतू उघड करते. ग्रंथालयामागील मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसविण्याचा विचार चालू असल्याचे समजते. पावसाळ्यात तेथे चिखल होतो, मागील वर्षी दोन विद्यार्थिनी घसरून पडल्या, हे खरे आहे, आणि वाटेपुरते ब्लॉक बसविण्यास माझी हरकत नाही. पण दक्षिणेकडील भिंतीलगतची चार फुटांची पट्टी मातीचीच ठेवावी, अशी माझी प्राचार्यांना व गुरुजनांना नम्र विनंती आहे. ऑक्टोबरच्या उन्हात तेथे जमिनीला कान लावून पाहावे. पेन्सिल जाईल एवढाल्या बिळांतून निळ्या पट्ट्यांच्या माश्या ये-जा करताना मी पाहिल्या आहेत. त्या कोणाला डसावयास येत नाहीत. वरून ब्लॉक बसले की खालच्या पिलांना बाहेर पडावयास वाट उरणार नाही. त्या पट्टीची निगा राखण्याची तयारी आम्हां पाच विद्यार्थिनींनी दर्शविली आहे.

तात्यांचा कोनाडा अद्याप रिकामा आहे. गेल्या फेब्रुवारीत तीन दिवस काही सातेरी माश्या त्यात आत-बाहेर करून पाहणी करीत होत्या. तात्यांनी त्या तीन दिवसांत मागील दार उघडले नाही. चौथ्या दिवशी त्या आल्या नाहीत. ते म्हणाले, "जागा बघून गेल्यात. बघू म्होरल्या साली." मी त्या कोनाड्याजवळ सब्जाची तीन रोपे लावली आहेत.